चित्राच्या मधोमध नाव: चौकट मोजावी की अँकर द्यावा?

पायथॉनच्या पिलो या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीत चित्रावरचा मजकूर मध्यभागी आणायच्या दोन वाटा आहेत. दोन्ही 2020 मध्ये 8.0 आवृत्तीत आल्या. मजकुराची लांबी-रुंदी देणारी जुनी टेक्स्टसाइझ पद्धत 10.0 मध्ये काढून टाकली, तरी तिचा कोड अजून लोक डोळे झाकून चिकटवतात.

पहिली वाट टेक्स्टबीबॉक्सची. ते मजकुराभोवतीच्या चौकटीची डावी, वरची, उजवी आणि खालची कड देते. रुंदी काढून निम्मी केली की झालं, असं वाटतं. पण डावी आणि वरची कड बहुधा शून्य नसते. ती वजा केली नाही तर मजकूर थोडा खाली सरकतो.

दुसरी वाट एका ओळीची: चित्राचा मध्यबिंदू द्यायचा आणि अँकर, म्हणजे मजकुराचा कोणता भाग त्या बिंदूवर यावा ते, 'एमएम' (आडवा आणि उभा मध्य) लिहायचा. इथे उभा मध्य फॉन्टच्या वरच्या-खालच्या मर्यादांवरून ठरतो, प्रत्यक्ष उमटलेल्या शाईवरून नाही.

खरा फरक प्रमाणपत्रं छापताना कळतो. चौकट मोजली तर 'कमल' आणि 'श्रीकृष्ण' यांची शिरोरेषा वेगवेगळ्या उंचीवर येते, कारण वेलांटी आणि खालची जोडाक्षरं चौकट ताणतात. अँकरने ती जागची हलत नाही. म्हणून नावांसाठी मी अँकरच वापरतो. गोलात एकच मोठं अक्षर बसवायचं असेल तेव्हा मात्र चौकटच बरी.

आणि हो, राक्म (देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरं नीट मांडणारी लायब्ररी) नसेल तर 'कि'ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मग मध्य कितीही अचूक साधा!