सेकंडहँड विमान: कमी तासांचं उभं राहिलेलं की जास्त तासांचं नियमित उडणारं?

समजा समोर दोन सेसना १७२ आहेत, म्हणजे चार सीटांची, एका इंजिनाची छोटी विमानं. दोन्ही सत्तरच्या दशकातल्या, कारण कंपनीने १९८६ ला हे मॉडेल बनवणं थांबवलं ते दहाएक वर्षांनी परत सुरू केलं, त्यामुळे आवाक्यातली बहुतेक विमानं त्याच्या आधीचीच असतात. दोन्हीत लायकमिंगचं ओ-३२० इंजिन. पहिल्याचं इंजिन ओव्हरहॉलनंतर (म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केल्यावर) फक्त ४०० तास चाललंय, पण ओव्हरहॉलला १८ वर्षं झालीत आणि गेली काही वर्षं विमान हँगरमध्ये झाकून उभं आहे. रंग चकचकीत, सीटा नव्या. दुसऱ्याचे ओव्हरहॉलनंतर दहा वर्षांत १५०० तास झालेत, रंग उडालाय, सीटा फाटल्यात, पण आठवड्याला तीनेक तास उडतंच. भाव जवळपास सारखा. माझं मत आधीच सांगते, दुसरं घ्या.

पहिल्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ओव्हरहॉलची मर्यादा २००० तास म्हणजे १६०० तास शिल्लक, असा साधा हिशोब मांडतात लोक. पण लायकमिंगनेच १२ वर्षांचीही मर्यादा सांगितलीय ती कोणी बघत नाही. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मुख्य फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या वर बसतो, विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं ऑइल हळूहळू खाली निथळतं, हवेतला दमटपणा बसतो आणि गंज धरतो, मग कधीतरी इंजिन चालू केलं की तो गंज कॅमला टेकलेल्या टॅपेटवर सॅंडपेपरसारखा घासतो. मालक म्हणतो दर महिन्याला दहा मिनिटं चालू करून ठेवतो, त्याने उलट नुकसानच होतं, कारण तेवढ्यात ऑइल नीट तापत नाही आणि पाण्याची वाफ आतच राहते.

मी स्वतः यात पोळलेय. असंच उभं राहिलेलं विमान घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरतो ते, चारही सिलिंडरचं ८० पैकी ७५ च्या वर आलं, मी खूश. पण कॉम्प्रेशनने व्हॉल्व्ह आणि रिंगा कळतात, कॅम नाही, तो बघायला सिलिंडर उतरवावा लागतो. दुसऱ्या ऑइल चेंजला मेकॅनिकने फिल्टर कापला, आतल्या कागदाच्या घड्या उन्हात उलगडल्या तर धातूची चंदेरी कचकच, लोहचुंबक धरलं तर सगळी टोकाला चिकटून उभी राहिली. कॅम बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन उघडायचं. सात महिने विमान जमिनीवर, आणि हँगरभाडं, विमा चालूच.

आता दुसरं काही धुतल्या तांदळासारखं नसतं. ५०० तासच उरलेत म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रत्येक तासामागे ओव्हरहॉलसाठी पैसे बाजूला टाकायलाच हवेत, आणि भाव करताना हे ठणकावून सांगा. जास्त उडालेलं विमान बऱ्याचदा शिकाऊ लोकांच्या हातातलं असतं, नाकाच्या चाकावर आदळून लँडिंग झाली असेल तर फायरवॉलला (इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला) सुरकुत्या दिसतात, काउल म्हणजे इंजिनावरचं झाकण काढून टॉर्चने बघा. सीटचे रूळ पण बघाच, भोकं झिजून लांबट झाली असतील तर टेकऑफला सीट सर्रकन मागे जाते आणि माणूस घाबरून योक (विमानाचं स्टिअरिंग) ओढतो, यात जीव गेलेत. पण हे सगळं बाहेरून दिसतं, भावात धरता येतं, कॅमचा गंज दिसत नाही.

दोन्हीकडे लॉगबुक (उड्डाण-दुरुस्तीच्या नोंदवह्या) पूर्ण हवीत, मधली दोन-तीन वर्षं गायब असतील तर सरळ परत फिरा. तपासणी आपल्या मेकॅनिककडून, विकणाऱ्याच्या नाही.

आणि एक, हँगर, विमा, वार्षिक तपासणी हा खर्च वर्षाला ३० तास उडवा नाहीतर १२०, तेवढाच. पेट्रोल तासाला तीसेक लिटर, ते त्यामानाने सरळ. वर्षाला ५० तासांच्या खालीच उडणार असाल तर दोघा-तिघांत मिळून घ्या, खर्च वाटला जातो आणि विमानही उभं राहत नाही, फक्त कोणी कधी उडवायचं त्या तारखा आणि दुरुस्तीचे पैसे आधी लेखी ठरवून घ्या.

स्वतःचं असण्यातलं सुख मात्र खरं आहे. माझं आताचं जास्त तासांचंच आहे, पहाटे हँगरचं दार सरकवलं की ऑइलचा वास येतो, डिपस्टिक काढायच्या आधीच साधारण कळतं किती असेल, आणि गेल्या वेळी सीट जिथे लावली होती तिथेच असते.