अमेरिकेतला घटस्फोट: मुलाची करसवलत स्वतःकडे ठेवावी की फॉर्म ८३३२ वर सही करावी?

वर्षात मूल ज्या पालकाकडे जास्त रात्री राहतं, सवलतीचा हक्क मुळात त्याचा. स्वतःकडेच ठेवली तर कागदपत्रांची कटकट नाही. २०२५ साठी मुलामागे २,२०० डॉलरपर्यंतचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (करातून थेट वजा होणारी रक्कम) तुमचंच.

फॉर्म ८३३२ म्हणजे हा हक्क दुसऱ्या पालकाला सोडून देण्याचा कागद; त्यावर सही केलीत की ते क्रेडिट दुसऱ्याकडे जातं. सगळं मात्र जात नाही: पात्र असाल तर हेड ऑफ हाउसहोल्ड (घर चालवणाऱ्या एकट्या व्यक्तीला कमी कर लावणारा दर्जा), अर्न्ड इन्कम क्रेडिट (कमी कमाई असलेल्यांसाठीची सवलत) आणि पाळणाघराच्या खर्चाचं क्रेडिट तुमच्याकडेच राहतं. दुसऱ्याला जास्त फायदा होणार असेल, तर बदल्यात मुलाच्या खर्चात वाढीव वाटा मागायला लाजू नका. सही एकाच वर्षापुरती करा. ‘पुढची सगळी वर्षं’ लिहून दिलीत, तर रद्द केल्यावरही चालू वर्ष हातचं गेलेलंच. आणि २००८ नंतरच्या घटस्फोटात नुसता कोर्टाचा हुकूमनामा जोडून भागत नाही, फॉर्मच लागतो.