खाली दुकानं की आत कंपाउंड? डेको इमारतीत जागा घेताना

दादर-माटुंग्यात 1930-40च्या सुमाराची डेको (आर्ट डेको, म्हणजे त्या काळच्या भौमितिक नक्षीच्या शैलीतली) इमारत शोधताय, म्हणजे उंच छत आणि मोझेकच्या फरशीचं कौतुक मी नव्याने सांगायला नको. पागडीची, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन कमी भाड्यात राहायची, भानगड दोन्हीकडे सारखीच. प्रश्न एवढाच, की किंग्ज सर्कलसारख्या नाक्यावर खाली दुकानं असलेली इमारत बघायची, की हिंदू कॉलनीच्या गल्लीतली निव्वळ राहती? आम्ही दोन्हीकडे राहिलोय.

देखणेपणात नाक्यावरची बाजी मारते, हे मान्य. कोपऱ्याचा प्लॉट मिळाला की तेव्हाच्या वास्तुविशारदांना चेवच यायचा. चर्चगेटचं 1938चं इरॉस सिनेमागृह बघा, सगळा डौल कोपऱ्यावर. मरीन ड्राइव्हवर वास्तुविशारद ग. बा. म्हात्र्यांनी आखलेलं सूना महालही तसंच: खाली हॉटेल, वर बिऱ्हाडं, कोपऱ्याला गोल बुरूज. शिवाय औषध असो की इस्त्री, जिना उतरला की काम झालं.

पण पहिल्या मजल्याचं दुखणं वेगळंच. मूळ इमारतीत दुकानांवर काँक्रीटचा आखूड छज्जा असतो. पावसाचं निमित्त करून दुकानदार त्यापुढे पत्रा ठोकतो, आणि तो नेमका आपल्या खिडकीखाली येतो. जूनपासून त्यावर असा ताशा वाजायचा की फोन घेऊन मोरीत जावं लागे. वरून पडलेल्या पिशव्या, तुटलेले चिमटे, करवंट्या सगळं त्यावरच साचायचं आणि ऊन पडलं की घमघमायचं. साफ कुणी करायचं? दुकानदार मालकाकडे बोट दाखवी, मालक वरच्या बिऱ्हाडांकडे. पहाटेच्या शटरची सवय झाली, पत्र्याची काही झाली नाही.

गल्लीतली इमारत दिसायला साधी. फाटकावर ठसठशीत अक्षरांत नाव, जिन्याच्या जाळीत उगवता सूर्य, बस्स. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा चप्पल घालून बाहेर पडावं लागतं आणि कंपाउंडात गाड्यांची दाटी असते. पण 1896च्या प्लेगनंतर शहर सुधारायला स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने हा भाग हवा-उजेड डोळ्यांसमोर ठेवून आखला, ते इथे राहायला आल्यावर पटतं. आमच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागत नाही, आणि पाऊस ऐकू येतो तो झाडांवरचा.

अर्थात ज्याची त्याची गरज. घरात वयस्कर माणसं असतील आणि खाली औषधांचं दुकान असेल, तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. नाक्यावरचीच घ्यायची तर शक्यतो दुसऱ्या मजल्याच्या खाली नको, आणि जागा बघायला भर पावसात जा. एजंट हॉल दाखवत असेल तेव्हा खिडकीतून खाली वाकून बघा.