गम की पॅच: मध्ये आला तो चहा

माझं काम अपघातग्रस्त गाड्यांचा विमा सर्व्हे करण्याचं. दिवस गॅरेजांत जातो. आज हडपसर, उद्या भोसरी. गॅरेजवाला एस्टिमेट दाखवण्याआधी पोराला चहाला पिटाळतो आणि चहा आला की सिगारेट आपोआप पेटते. बावीस वर्षं हे चाललं, दिवसाला बारा-चौदाच्या हिशोबाने. आता दीड वर्ष झालं, बंद आहे. त्यामुळे ओळखीतले बरेच जण विचारतात, सिगारेट सोडायला निकोटिनचा गम चघळावा की कातडीला चिकटवायचा निकोटिनचा पॅच लावावा? मी दोन्ही वापरलेत. आधी गम सात आठवडे, मग पॅच. डॉक्टर नाही, तेव्हा हे सगळं माझ्या तोंडाचं आणि माझ्या कातडीचं सांगणं समजा.

खरं तर या दोन्हींच्या आधी मी तिसराच उद्योग केला होता. दादाची अँजिओप्लास्टी झाली, घरात सगळेच घाबरले, आणि मी घाबरून सिगारेट सोडण्याऐवजी फिश ऑइलच्या कॅप्सूलची बाटली आणली. सोबत एक मल्टिव्हिटॅमिन, डब्यावर लाल हृदय छापलेलं. सकाळी कॅप्सूल, दहा मिनिटांनी सिगारेट. ढेकरांना बोंबलाचा वास यायचा तो वेगळाच. नंतर डॉक्टरांनी विचारलं, एका कॅप्सूलमध्ये ओमेगा-३, म्हणजे माशाच्या तेलातला कामाचा भाग, किती, वाचलंत का? नेहमीच्या १००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, बाकी नुसतं तेल. आणि दिवसाला एक ग्रॅम घेऊन हृदयविकार टळतो का, हे अमेरिकेत पंचवीस हजारांवर लोकांना पाचेक वर्षं देऊन पाहिलं. २०१८ साली निकाल आला, ठोस फायदा दिसला नाही. मल्टिव्हिटॅमिनचं तर त्याहून वाईट. त्यात बीटा-कॅरोटीन होतं, गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या एकोणतीस हजार पुरुषांवर प्रयोग झाला होता, त्याचा निकाल १९९४ मध्ये आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. गाजर खाल्ल्याने असं काही होत नाही, पण ओढणाऱ्याने गोळीतून ते घेऊ नये. डबा मी तिथेच, दवाखान्याच्या कचरापेटीत टाकला. जवसाची चटणी घरात तशीही होतीच. ती चवीसाठी खातो, औषध म्हणून नाही.

व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, थोडक्यात. भारतात २०१९ पासून ई-सिगारेट विकणं, आणणं, बनवणं बेकायदा आहे. लंडनला असलेला माझा मावसभाऊ व्हेपवर सिगारेट सुटली म्हणतो, आणि तिथे सरकारी दवाखानेही सोडण्यासाठी त्याचा आधार घ्या म्हणतात. पण इथे ते चोरून घ्यायचं, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय त्याची सिगारेट सुटली, व्हेप काही सुटलेलं नाही. मी त्या वाटेला गेलो नाही.

आता गम. त्याचा पहिला मोठा गुण म्हणजे तो चटकन मिळतो. २ मिलिग्रॅम निकोटिनचा कुठल्याही मेडिकलमध्ये, चिठ्ठीशिवाय. ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट पेटवणाऱ्याला सहसा तोच सांगतात. दुसरा गुण, तलफ आली त्या क्षणी हातात काहीतरी असतं. पाकीट फोडायचं, तोंडात टाकायचं. सिगारेटवाल्याचा हात रिकामा राहिला की तो खिशाकडेच जातो, त्या हाताला गम काम देतो. हे पॅचला कधीच जमणार नाही.

पण गम चघळायला शिकावं लागतं, आणि ते कोणी नीट सांगत नाही. मी पहिले चार दिवस बडीशेपेच्या गोळीसारखा कराकरा चावला. परिणामी उचक्या, छातीत जळजळ, आणि तलफ जिथल्या तिथे. मग भोसरीच्या एका गॅरेजमधल्या डेंटिंगवाल्या काकांनी पाहिलं. ते आयुष्यभर तंबाखू खाणारे. म्हणाले, "साहेब, चावताय काय असं? बार धरतात तसं धरा ना." आणि तेच बरोबर होतं! हळूहळू चार-सहा वेळा चावायचं, जीभ चुणचुणली, मिरीसारखी चव आली की थांबायचं आणि गम गालात, हिरडीशी दाबून ठेवायचा. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावायचं, जागा बदलायची. असा अर्धा तास. निकोटिन पोटातून नाही, गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायला हवं. गिळलं की उचकी आणि जळजळच मिळते.

आणि इथेच माझं घोडं अडलं.

तंबाखूला चुना का लावतात? चुन्याने तोंडातला आंबटपणा मरतो आणि निकोटिन गालातून झटकन आत जातं. गममध्ये त्याच कामासाठी सोडा घातलेला असतो. म्हणूनच गमच्या कागदावर लिहिलेलं असतं की चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना काही खाऊ-पिऊ नका. कॉफी, कोल्ड्रिंक, फळांचा रस यांनी लाळ आंबट होते आणि गम तोंडात असून नसल्यासारखा. आपला दुधाचा चहा कॉफीइतका आंबट नसेलही, त्यावर वाद घाला. पण चहाच्या घोटाबरोबर निकोटिन पोटात जातं एवढं नक्की, मी अनुभवलंय.

हिशोब करून पाहा. पंधरा मिनिटं आधी आणि अर्धा तास चघळणं, म्हणजे एका गमला पाऊण तास. सुरुवातीचे सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक गम घ्यायचा असतो. दिवसाचे दहा धरले तर साडेसात तास चहा बंद. मी दिवसाला सहा चहा पिणारा माणूस. त्यातले चार दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या आग्रहाने. गॅरेजमध्ये पोऱ्या कटिंगचे ग्लास घेऊन समोर उभा, आणि मी गालात गम दाबून मानेनेच नको म्हणतोय. "साहेब, चहा पण नाही? काय चुकलं का आमचं?" आमच्या धंद्यात सर्व्हेअरने चहा नाकारला की गॅरेजवाल्याला वाटतं, क्लेम कापणार. एकाने खरंच फोन करून विचारलं, बंपर मंजूर करणार नाही का?

मग मी दोन वाटांनी गेलो आणि दोन्ही चुकल्या. कधी गम थुंकून चहा घ्यायचो. गम अर्धवट, तलफ पूर्ण, आणि हातात चहा, म्हणजे सिगारेटला आमंत्रणच. तसंही माझ्या डोक्यात चहा आणि सिगारेट बावीस वर्षं जोडीनेच राहत होते. कधी चहा टाळून गम धरायचो, तर चार वाजेपर्यंत चहाच्या नावाने डोकं दुखायला लागायचं आणि मी बायकोवर खेकसायचो. ती म्हणाली, "अहो, तुम्ही सिगारेट सोडताय की चहा? दोन्ही एकदम सुटत नाही कोणाचं." सात आठवड्यांत मी पाच वेळा घसरलो. पाचही वेळा चहाच्या टपरीवर. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे खरी, पण टपरीवाल्याला ते कोणी सांगायचं?

गमचं बाकी गाऱ्हाणं किरकोळ आहे. जबडा दुखतो. दाताला कॅप किंवा कवळी असेल तर चिकटतो, त्यामुळे वयस्कर माणसाने आधी दातांच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं. पुदिन्याची चव तिसऱ्या दिवशी नकोशी होते. पण कोणी चहा पीतच नसेल, किंवा घरी-ऑफिसात एका जागी बसून काम करत असेल, तर यातलं काहीच त्याच्या वाटेत येणार नाही. तंबाखूचा बार धरायची सवय असलेल्याला गम जास्त मानवेल असाही माझा अंदाज आहे, तो अंदाजच समजा.

पॅचची गोष्ट अगदी उलटी. सकाळी अंघोळ झाली की कोरड्या, केस नसलेल्या जागी चिकटवायचा, दंडावर, पाठीवर किंवा छातीवर, दहा सेकंद दाबायचा आणि विसरायचा. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमपासून सुरू करायचं, सहा आठवड्यांनी १४, मग ७, शेवटचे दोन टप्पे दोन-दोन आठवड्यांचे. तोंड मोकळं. पहिल्याच दिवशी मी हडपसरला दोन कटिंग प्यायलो आणि सिगारेट पेटवली नाही. हवीहवीशी वाटलीच नाही असं नाही, वाटली. पण ती हाक लांबून आल्यासारखी होती, कानात ओरडल्यासारखी नव्हती.

पॅच फार शहाणा आहे अशातला भाग नाही. केस नसलेली जागा म्हणजे काय हे मला आरशासमोर उभं राहिल्यावर कळलं. शेवटी दंडाचा एक चौकोन कात्रीने साफ करावा लागला. खाज येते. पॅच काढल्यावर लाल चौकोन उरतो, म्हणून रोज जागा बदलायची आणि तीच जागा आठवडाभर पुन्हा घ्यायची नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घामाने दोनदा सुटला. एकदा शर्टाच्या बाहीला आतून चिकटलेला सापडला, तोपर्यंत दुपारचे तीन वाजले होते आणि माझा पारा चढला होता. रात्री ठेवला तर स्वप्नं पडतात, रंगीत, लांबलचक, सिनेमासारखी. एकदा स्वप्नात मी माझ्याच शाळेच्या मुख्याध्यापकांच्या गाडीचा सर्व्हे करत होतो.

स्वप्नांना कंटाळून झोपताना काढायला लागलो, तर सकाळची पहिली सिगारेट आडवी आली. ओढणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, ती कुठे आणि कशासाठी लागते. नवा पॅच रंगात यायला काही तास जातात, आणि पोटाला तेवढा धीर नसतो. यावर डॉक्टरांनी सोपा तोडगा काढला. पॅच चालू ठेवा आणि अडचणीच्या वेळेपुरता एक २ मिलिग्रॅमचा गम घ्या. दोन्ही एकत्र वापरणाऱ्यांचं सुटण्याचं प्रमाण एकट्या-दुकट्यापेक्षा चांगलं असतं, यावर जगभरचे अभ्यास बऱ्यापैकी एकमताचे आहेत. मी उठल्या उठल्या गम धरायचो, अर्ध्या तासात सगळं उरकायचं, चहा त्यानंतर. सकाळचा चहा अर्धा तास पुढे ढकलणं जमतं. परक्याच्या गॅरेजमधला नाही जमत.

हृदयाचं काय, हा प्रश्न दादाच्या प्रकरणामुळे मलाही होता. निकोटिनने नाडी थोडी वाढते, रक्तदाबही. पण सिगारेटचं मोठं पाप धुरात आहे. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो, आणि धुराने रक्त गोठायला उतावीळ होतं. पॅचमध्ये धूर नाही, आणि निकोटिनही एकदम न येता थेंबाथेंबाने येतं. पॅच लावून सिगारेट ओढली तर अटॅक येतो, ही भीती नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या बातम्यांनी पसरवली. पुढे १९९६ साली तिथेच, हृदयविकार असलेल्या पाचशेहून जास्त रुग्णांवर पॅच वापरून पाहिला, त्यात अटॅक वाढलेले दिसले नाहीत. मी पॅच असताना दोनदा घसरलो. मळमळलं, बाकी काही नाही. घसरलो म्हणून पॅच फाडून टाकला नाही, एवढं एक शहाणपण माझ्याकडून झालं. अर्थात नुकताच अटॅक येऊन गेलाय, ठोके चुकतात किंवा घरात कोणी गरोदर बाई सोडू पाहतेय, तर गम असो की पॅच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

मिळायला मात्र पॅच कटकटीचा. आमच्या भागातल्या तीन मेडिकलांपैकी एकाकडेच होता, तोही १४ चा. २१ चा मागवून घ्यावा लागला, दोन दिवस गेले. एकदम पूर्ण कोर्स घेऊ नका. आधी आठवड्याचे घ्या, कातडी सोसते का बघा. कोणाला डॉक्टरांकडे जायचा संकोच असेल तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्यांचा, नंबर आहे, १८००-११-२३५६, फुकट. मी एकदा केला होता. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "सर्वात जास्त तलफ कधी येते?" मी म्हणालो, चहाबरोबर. त्या हसल्या नाहीत, त्यांनी लिहून घेतलं.

आणि वापरलेला पॅच कचऱ्यात उघडा टाकू नका. चोवीस तासांनंतरही त्यात निकोटिन उरलेलं असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा, रिकाम्या पाकिटात घालायचा आणि मगच टाकायचा. आमच्या शेजारच्यांचं पोर रांगतं, म्हणून ही सवय लावून घेतली.