दिवाळी ते पावसाळा: जुन्या लाल स्विफ्टला क्ले आणि वॅक्स

आमची स्विफ्ट २०१४ ची, लाल. पुण्यात सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये, गुलमोहराखाली उभी असते. गेल्या दिवाळीत छतावर हात फिरवला तर बारीक पॉलिशपेपरच लागला हाताला. बॉनेटवर ऊन पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसायचे. सिरॅमिक कोटिंगचा (रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर) भाव ऐकून गप घरी आलो आणि क्ले बार (पत्र्याला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), बारीक कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट), कार्नाबा वॅक्सचा (ताडाच्या पानांपासूनचं मेण) डबा मागवला.

खरी कमाल क्लेची. धुतलेला पत्रा शाम्पूच्या पाण्याने ओला ठेवून वडी हलकी फिरवायची. एका दरवाजातच पांढरी वडी तपकिरी झाली! हातात प्लास्टिकची पिशवी घालून पत्रा चाचपा, खरखर कुठे उरलीय ते लगेच कळतं. वडी खाली पडली तर सरळ फेकून द्या. मी झटकून पुन्हा वापरली. मागच्या दारावरचे तीन चरे ही त्या काटकसरीची कमाई.

कंपाउंड एकदाच मारलं. ते रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, थोडा थोडा घासून काढतं, आणि तो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या केसाहून पातळ. दर महिन्याला घासायची चीज नव्हे ती.

वॅक्स सावलीत, पत्रा गार असताना, अगदी पातळ लावलं. डब्यावर सहा महिने लिहिलंय. हिवाळ्यात तीनेक महिने पाण्याचे मणी छान घरंगळत होते, एप्रिल-मे मध्ये सात आठवड्यांत पाणी पसरून बसायला लागलं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वॅक्स असूनही पडतात. ताजे असतील तर निम्मं पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, मग लगेच धुवून टाकायचं.

ओरखड्यांचं मूळ मात्र रोजच्या पुसण्यात निघालं. गाडी पुसणारे काका एकाच बादलीत चार गाड्या उरकायचे. मायक्रोफायबर आणि दुसरी बादली दिली तर म्हणाले, "साहेब, दोन कशाला?" फडकं पिळायच्या बादलीचा तळ दाखवला, बोटभर रेती. तेव्हापासून तेच शेजाऱ्यांकडे दुसरी बादली मागतात.

छताच्या डाव्या कोपऱ्यात क्लिअर कोटचे पापुद्रे आधीच सुटले होते. तिथे यातल्या कशानेच फरक पडला नाही, तो पांढुरका ठिपका तसाच आहे. बाकी गाडीवर पैसे वसूल. आठ महिन्यांत तीन हात झाले, डबा अजून निम्म्याच्या वर आहे.