गिंप की फोटोपी?

सिंहगडावरच्या फोटोत क्षितिज तिरकं आलंय, गणपतीच्या आरासीसमोर सगळ्यांचे चेहरे काळे पडलेत. एवढंच सुधारायला पैसे कशाला मोजायचे? फोटोपी आणि गिंप ही फोटो सुधारायची दोन सॉफ्टवेअर फुकट मिळतात.

फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं. इन्स्टॉल करायची भानगड नाही, खातंही लागत नाही. फोटोवरचं काम आपल्याच संगणकावर होतं, सर्व्हरवर फोटो चढत नाही. घरच्या फोटोंसाठी मला हे फार मोलाचं वाटतं. बाजूला जाहिराती हलत राहतात, तेवढं सोसायचं. फोटोशॉपची पीएसडी फाइलही उघडते, म्हणजे लग्नपत्रिकेचं डिझाइन पेठेतल्या छापखान्यात न जाता घरीच बघता येतं.

गिंप १९९६ पासूनचं. मुक्त स्रोत, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, जाहिरात औषधालाही नाही, इंटरनेट नसलं तरी अडत नाही. २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून लावलेला फिल्टर नंतरही बदलता येतो. मात्र ‘सेव्ह’ केलं की गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल तयार होते. जेपीजी हवी तर ‘एक्स्पोर्ट’. नवखा माणूस इथेच वैतागतो.

नुसतं कापायचं, उजळायचं असेल तर फोटोपी. आजोबांच्या जुन्या फोटोंचा गठ्ठा स्कॅन करून डाग काढत बसायचं असेल, तर गिंप शिकून घ्या.