हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब : सात महिन्यांचा अनुभव

महिन्यातून तीन-चार वेळा पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला जावं लागतं आणि परतताना हमखास अंधार पडतो. जुन्या हॅचबॅकचा उजेड पिवळट, अपुरा. म्हणून जूनमध्ये हॅलोजन काढून एच-४चे (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये असतात तो प्रकार) एलईडी बसवले. पहिल्या रात्री रस्ता असा लख्ख दिसला की तेव्हा विचारलं असतंत तर पाचपैकी पाच दिले असते.

दुसऱ्या आठवड्यापासून समोरचे डिपर मारू लागले. मी अप्परवर नसायचोच, त्यामुळे मनावर घेतलं नाही. जुलैत ताम्हिणीच्या धुक्यात बोनेटपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहिला, तेव्हाही दोष धुक्याला दिला. सप्टेंबरमध्ये पौडच्या अलीकडे दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला डोळ्यांवर हात धरून साइडपट्टीखाली उतरला. गाडी कलली, कसाबसा पाय टेकला त्याने. मी धावत गेलो. "दादा, लाइट खाली करा, काहीच दिसत नाही," एवढंच म्हणाला. लाइट खालीच होता. तीन महिने मी लोकांना आंधळं करत गाडी चालवत होतो, हे तिथे कळलं.

त्याच रात्री पार्किंगमध्ये भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावली आणि हेडलाइटच्या मध्याच्या उंचीवर भिंतीला चिकटपट्टी मारली. डिपरच्या, म्हणजे लो बीमच्या, उजेडाला वरून स्वच्छ कड हवी : उजवीकडे सपाट, डावीकडे थोडी चढती, कारण आपण डावीकडून चालतो. माझ्या एलईडीला कडच नव्हती. नुसता पसरट ठिपका, पट्टीच्या कितीतरी वर सांडलेला. हॅलोजनच्या डिपरच्या तारेखाली एक बारीक धातूची वाटी असते, ती नको तो उजेड अडवते. रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चकचकीत आरसा, त्या तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप जरा सरकली की सगळा उजेड विस्कटतो. बल्बची कॉलर (बसवायची कडी) फिरवून चिपा बरोबर डाव्या-उजव्या बाजूला आणल्या. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

मग जुने हॅलोजन परत लावले. कड आली, पण तीही पट्टीच्या वर! डिकीत सीएनजीची टाकी आहे. मागचा भाग बसतो, नाक वर होतं. टाकी बसवल्यावर फोकस सेट करायचं कुणीच सांगितलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. हेडलाइटवर १ टक्का असं छापलंय, म्हणजे ५ मीटरवर कड ५ सेंटिमीटर खाली हवी. टायरमध्ये हवा बरोबर भरली, लेव्हलिंगचं चाक (हेडलाइटचा झोत वर-खाली करायचं) ० वर ठेवलं, बायकोला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि हेडलाइटमागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत दोन्ही बाजू जुळवल्या.

पिवळटपणाचं कारण तर वेगळंच निघालं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर जेमतेम ११.८. जुनी वायर आणि स्विच मध्येच व्होल्टेज खात होते. रिले (स्विचवरून चालणारा वेगळा जोड) लावून थेट बॅटरीवरून सप्लाय दिला, काचा पॉलिश करून घेतल्या. दुकानदार १००/९० वॅटचे बल्ब सुचवत होता. होल्डर वितळतात, म्हणून ६०/५५च ठेवले.

तेव्हापासून चार महिने झाले. उजेड एलईडीइतका पांढरा नाही, पण लांबवर आणि रस्त्यावरच पडतो. मागे तिघं बसले की चाक २ वर घेतो. गेल्या तीन फेऱ्यांत कुणी डिपर मारला नाही.

एलईडी डब्यात पडून आहेत. मेहुण्याने मागितले होते. त्याचीही गाडी एच-४ रिफ्लेक्टरचीच, म्हणून दिले नाहीत.